नाशिकमध्ये एथिक्स कमिटी उभी करताना : नोंदणीपासून नुकसानभरपाईपर्यंत

नव्या औषधाची माणसांवर चाचणी घेताना भारतात आज 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' लागू आहेत. १९ मार्च २०१९ रोजी ते अधिसूचित झाले. नाशिकसारख्या शहरात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मोठी खासगी रुग्णालयं आहेत, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे आणि तासाभराच्या अंतरावर आदिवासी तालुके आहेत. इथे संशोधन वाढणारच. प्रश्न एवढाच की ज्या एथिक्स कमिटीच्या, म्हणजे सहभागी माणसांचं हित आणि सुरक्षा तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीवर ते चालणार ती खरोखर काम करते की फक्त शिक्का मारते. ज्यांना समिती नव्याने उभी करायची आहे किंवा असलेली दुरुस्त करायची आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. प्रत्येक टप्प्यावर एकच कसोटी लावावी: पेठ किंवा सुरगाण्याहून एसटीने आलेली, फार तर चौथी शिकलेली बाई या चाचणीत सहभागी असेल, तर ही पायरी तिच्या उपयोगाची आहे का?

आधी ठरवा, नोंदणी कुठे करायची

इथे दोन दारं आहेत आणि सुरुवातीलाच गोंधळ होतो तो यावरूनच.

नव्या औषधाची किंवा लशीची नियामक चाचणी, म्हणजे विक्रीची परवानगी मिळवण्यासाठी केलेली चाचणी, तपासायची असेल, तर समितीची नोंदणी केंद्रीय परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे भारताच्या औषध महानियंत्रकांकडे हवी. अर्ज सीटी-०१ या नमुन्यात करायचा, मंजुरी सीटी-०२ मध्ये मिळते. मुदत ५ वर्षांची.

एमडी-एमएसचे प्रबंध, निरीक्षणात्मक अभ्यास, समाजातली सर्वेक्षणं अशा जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी समितीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे होते. अर्जाचा नमुना तोच, सीटी-०१. अर्ज मात्र या विभागाच्या 'नैतिक' पोर्टलवर करायचा आणि प्रमाणपत्र सीटी-०३ मध्ये येतं.

ज्या महाविद्यालयात दोन्ही प्रकारची कामं होतात, त्यांना दोन्ही नोंदण्या लागतात. 'आमच्याकडे सीटी-०२ आहे, प्रबंधांनाही तेच चालेल' असं गृहीत धरून वर्षानुवर्षं प्रबंध मंजूर करणाऱ्या समित्या पुढे प्रकाशनाच्या वेळी अडकतात. सीटी-०२ चं नूतनीकरण मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी मागावं लागतं. ती तारीख सदस्य-सचिवाच्या डायरीत लिहून भागत नाही, कारण सचिव बदलतो. अधिष्ठात्यांच्या कार्यालयातल्या वार्षिक दिनदर्शिकेत ती टाका.

सदस्य : संख्या सोपी, माणसं अवघड

नियमाप्रमाणे किमान ७ सदस्य. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री सदस्य, एक कायदेतज्ज्ञ, आणि समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांपैकी एक हवा. निम्मे सदस्य तरी संस्थेबाहेरचे हवेत आणि अध्यक्षही बाहेरचाच. सदस्य-सचिव संस्थेतला असतो.

कागदावर ही जुळणी एका दिवसात होते. बिघडतं ते निवडीत. 'सामान्य नागरिक' म्हणून विश्वस्तांचा नातेवाईक किंवा रुग्णालयाचा औषध पुरवठादार घेतला की ती खुर्ची रिकामीच राहते. निवृत्त शिक्षिका, अंगणवाडी पर्यवेक्षिका, सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल अशी माणसं शोधा. ज्यांना मराठी मजकूर वाचून 'हे मला कळलं नाही' असं चारचौघांत म्हणायला संकोच वाटत नाही, अशी. हे एक वाक्य समितीतल्या निम्म्या तज्ज्ञ शेऱ्यांपेक्षा जास्त कामाचं असतं. आदिवासी भागातल्या रुग्णांवर काम होणार असेल, तर कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलणारा एक सदस्य घ्या. मालेगाव-बागलाणकडचे रुग्ण येणार असतील तर अहिराणी समजणारा. हा नियम नाही, पण नाशिक जिल्ह्यात याला पर्याय नाही.

कायदेतज्ज्ञ म्हणून संस्थेचेच वकील घेऊ नयेत. भरपाईचा प्रश्न आला की ज्यांचं वकीलपत्र घेतलंय त्यांच्याच विरोधात मत देण्याची वेळ त्यांच्यावर येते.

प्रत्येक सदस्याचं प्रशिक्षण आवश्यक आहे आणि त्याची नोंद फाइलमध्ये हवी. तपासणीला आलेले अधिकारी नियुक्तिपत्र, सदस्याची माहिती, प्रशिक्षणाचा दाखला आणि हितसंबंध जाहीर केल्याचं पत्र हे चारही कागद प्रत्येक सदस्याचे मागतात.

बैठक

गणपूर्ती ५ सदस्यांची, पण कोणतेही पाच चालत नाहीत. वैद्यकीय शास्त्रज्ञ (शक्यतो औषधशास्त्राचा), चिकित्सक, कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ किंवा तत्सम सदस्य आणि सामान्य नागरिक असे पाच हजर असावे लागतात. सात डॉक्टर जमले आणि वकील आले नाहीत, तर ती बैठक गणपूर्तीविना झाली आणि तिचा निर्णय टिकत नाही. म्हणून कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिक या दोन जागांसाठी पर्यायी सदस्य आधीच नेमून ठेवावेत.

कागदपत्रं बैठकीच्या आदल्या संध्याकाळी पाठवली तर कुणीही वाचत नाही. किमान १० दिवस आधी पाठवा. प्रत्येक प्रस्तावाला दोन मुख्य वाचक नेमा, एक वैद्यकीय आणि एक बिगरवैद्यकीय. बिगरवैद्यकीय वाचकाने फक्त माहितीपत्रक, संमतीपत्र आणि पैशांची तरतूद वाचावी. एका बैठकीत नियामक चाचणीचे तीनपेक्षा जास्त नवे प्रस्ताव घेऊ नयेत, हे आमचं मत. प्रबंधांच्या हंगामात एका दुपारी साठ-सत्तर विषय 'मंजूर' होतात तेव्हा तिथे तपासणी झालेली नसते. कमी जोखमीचे प्रबंध उपसमितीकडे जलद तपासणीसाठी द्यावेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. नियामक औषध चाचणी मात्र पूर्ण बैठकीतच.

इतिवृत्तात 'चर्चेअंती मंजूर' एवढंच लिहू नका. कोणता प्रश्न निघाला, संशोधकाने काय उत्तर दिलं, काय बदल सुचवला, कोण हितसंबंधामुळे बाहेर गेलं आणि किती वाजता, हे लिहा. प्रमुख संशोधक स्वतः समितीचा सदस्य असेल तर त्याने उत्तरं देऊन खोलीबाहेर जायचं. निर्णयाच्या वेळी तो आत नव्हता हे इतिवृत्तावरून दिसलं पाहिजे.

मंजुरी दिल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत केंद्रीय परवाना अधिकाऱ्याला ती कळवावी लागते. समितीने नकार दिला असेल, तर त्याच केंद्रासाठी दुसऱ्या समितीकडे जाण्याआधी तो नकार कळवणं बंधनकारक आहे. एका समितीने नाकारलेला प्रस्ताव गुपचूप दुसरीकडून मंजूर करून घेण्याची वाट या तरतुदीने बंद केली आहे.

पन्नास किलोमीटरचं वर्तुळ

ज्या रुग्णालयाची स्वतःची समिती नाही, ते दुसऱ्या समितीची मंजुरी घेऊ शकतं. अट अशी की ती समिती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या त्रिज्येत हवी. नकाशावर नाशिक शहर मध्यभागी ठेवून वर्तुळ काढा. दिंडोरी, सिन्नर, निफाड, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ आत येतात. सुरगाणा, कळवण, चांदवड, येवला, मालेगाव बाहेर राहतात. म्हणजे मालेगावच्या रुग्णालयाला नाशिकच्या समितीवर विसंबता येत नाही. अट जाचक वाटली तरी तिच्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. गंभीर घटना घडली तर समितीचे सदस्य त्याच दिवशी तिथे पोहोचून कागद आणि माणूस दोन्ही पाहू शकले पाहिजेत.

परवानगीचा क्रम

नियामक चाचणीसाठी सीटी-०४ मध्ये अर्ज आणि सीटी-०६ मध्ये परवानगी. भारतात शोधलेल्या औषधाच्या अर्जावर ३० कामकाजाच्या दिवसांत, इतरांवर ९० कामकाजाच्या दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. त्यानंतर, पण पहिला रुग्ण घेण्याआधीच, भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद करायची. ही नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद स्वीकारली जात नाही. पदव्युत्तर विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. समितीची मंजुरी मिळाली की रुग्ण घ्यायला लागतात आणि नोंदवही आठवते प्रबंध लिहिताना. त्यामुळे मंजुरीपत्रातच लिहा: 'नोंदणी क्रमांक समितीला कळवल्याशिवाय पहिला सहभागी घेऊ नये.'

बाजारात असलेल्या औषधाचा नवा उपयोग, नवी मात्रा किंवा नवा मार्ग केवळ शैक्षणिक हेतूने तपासायचा असेल, तर महानियंत्रकांची वेगळी परवानगी लागत नाही. समितीची मंजुरी पुरते. हा अभ्यास शैक्षणिक की नियामक अशी शंका असेल, तर समितीने ३० कामकाजाच्या दिवसांत केंद्रीय परवाना अधिकाऱ्याला कळवायचं. त्यांचं उत्तर ३० कामकाजाच्या दिवसांत आलं नाही, तर परवानगीची गरज नाही असं धरता येतं. कंपनी औषध फुकट देत असेल आणि निकालावर तिची मालकी असेल, तर मात्र 'शैक्षणिक' या शब्दावर विसंबू नका. करार मागवून वाचा.

संमती : इथे वेळ घालवा

संमतीपत्राचं भाषांतर बहुतेक वेळा बाहेरून होऊन येतं आणि ते मराठी कुणाच्याही घरात बोललं जात नाही. 'यादृच्छिक विभाजनाद्वारे आपणांस संशोधनाधीन औषध अथवा छद्मौषध प्राप्त होईल' हे वाक्य व्याकरणात बसतं, पण रुग्णाच्या पदरात काहीच पडत नाही. त्याऐवजी लिहा: 'चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने ठरेल की तुम्हाला नवं औषध मिळेल की औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी. कोणाला काय मिळालं हे तुम्हालाही माहीत नसेल आणि डॉक्टरांनाही.'

मराठीत एक खास अडचण आहे. 'चाचणी' म्हटलं की रुग्णाला रक्तलघवीची तपासणी आठवते. 'तुमची चाचणी करायची आहे' याला 'करा की' असं उत्तर येतं आणि ते संमती म्हणून नोंदलं जातं. माहितीपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात स्वच्छ लिहा: 'हे नेहमीचे उपचार नाहीत. हे औषध गुणकारी आणि सुरक्षित आहे का, हे अजून ठरायचं आहे. ते शोधण्यासाठी हा अभ्यास आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी इथले नेहमीचे उपचार तसेच चालू राहतील.' शेवटचं वाक्य डॉक्टरांनी तोंडानेही सांगायचं, कारण सरकारी केसपेपर हातात असलेल्या माणसाला नकाराची भीती असतेच.

समितीने भाषांतर असं तपासावं. मराठी मसुदा वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या तीन माणसांना वाचायला द्या. मग त्यांना पाच प्रश्न विचारा: हे कशासाठी आहे? तुम्हाला काय करावं लागेल? काय त्रास होऊ शकतो? मधेच सोडता येईल का? काही झालं तर खर्च कोण करणार? तिघांपैकी एकालाही एखादं उत्तर देता आलं नाही, तर तो परिच्छेद परत पाठवा. मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून घेतल्याने शब्द जुळतात की नाही ते कळतं, समजलं की नाही ते कळत नाही. दोन्ही गोष्टी लागतात.

वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी निःपक्षपाती साक्षीदार संपूर्ण चर्चेला हजर हवा. अंगठा घेतल्यावर वॉर्डातून बोलावलेली परिचारिका साक्षीदार होत नाही, ती संशोधकाच्या हाताखाली काम करते. दुर्बल गटातल्या व्यक्तींना नव्या रासायनिक किंवा रेणवीय औषधाच्या चाचणीत घेताना संमतीच्या प्रक्रियेचं दृक्-श्राव्य चित्रण सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरच्या औषधांच्या चाचणीत फक्त आवाज मुद्रित करायचा, चेहरा नाही. चित्रणात माहिती सांगणं आणि रुग्णाचे प्रश्न दिसले पाहिजेत. नुसती सही करतानाची अर्ध्या मिनिटाची फीत चालत नाही.

संमतीपत्रात वारसाचं नाव, पत्ता आणि नातं यासाठी रकाना असतो. तो हमखास रिकामा राहतो. मृत्यूनंतर भरपाई कोणाला द्यायची हा वाद त्या एका रिकाम्या ओळीतून उभा राहतो. सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत रुग्णाला घरी न्यायला दिलीच पाहिजे.

मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि ७ ते १८ वयोगटातल्या मुलाचा होकार, दोन्ही लागतात. ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे आणि जिल्ह्यात आश्रमशाळा भरपूर, म्हणून हे ठळकपणे सांगणं आवश्यक आहे की मुख्याध्यापक किंवा वसतिगृहाचे गृहपाल पालकांऐवजी सही करू शकत नाहीत. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. आंध्रात मुलींच्या संमतीपत्रांवर मुख्याध्यापक आणि गृहपालांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. पालक दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत कामाला गेले असतील, तर संशोधकाने तिथे जायचं किंवा ते परतेपर्यंत थांबायचं.

तारखा आणि पैसे

हेच द्राक्षांचं गणित पुढच्या भेटींनाही लागू आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि जानेवारीपासूनची काढणी या काळात पेठ-सुरगाण्याचा मजूर पुन्हा भेटीला येण्याची शक्यता कमी असते. भेट चुकली की माहिती तुटते आणि औषधाचा दुष्परिणामही नजरेआड होतो. वेळापत्रक मंजूर करताना समितीने संशोधकाला सरळ विचारावं की कोणत्या भेटी या महिन्यांत येतात आणि त्यांचं काय करणार. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी शहरात शिरणं कठीण असेल. त्या आठवड्यांतल्या भेटी आजच सरकवून घ्या.

प्रवासखर्चात रुग्ण आणि सोबतचा माणूस या दोघांचं भाडं, जेवण आणि दोघांची बुडालेली मजुरी धरावी. रक्कम प्रत्येक भेटीला हातात द्यावी. 'सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर एकरकमी' अशी अट असेल तर ती नामंजूर करा, कारण ती माणसाला त्रास होत असतानाही चाचणीत अडकवून ठेवते.

औषधाचा साठा

चाचणीच्या औषधावर नाव किंवा संकेतांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापराची अंतिम तारीख, साठवणुकीची अट, चाचणी कुठे होणार त्या संस्थेचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि उत्पादनाचा हेतू हवा. हे औषध रुग्णालयाच्या मेडिकल स्टोअरमध्ये इतर मालाबरोबर ठेवायचं नाही. वेगळं कुलूप, वेगळी वही. आलेलं, दिलेलं, परत आलेलं आणि नष्ट केलेलं यांची बेरीज एका गोळीनेही चुकता कामा नये. २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायच्या औषधासाठी तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र लागतं. दिवसातून दोनदा हाताने लिहिलेल्या वहीत रात्रीची वीज गेलेली दिसत नाही. ज्या वहीत महिनाभर रोज ४ अंशच लिहिलेलं असतं, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

गंभीर घटना : घड्याळ लावून काम

मृत्यू, जिवावर बेतणं, रुग्णालयात दाखल व्हावं लागणं किंवा मुक्काम वाढणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष या गंभीर घटना आहेत. औषधाशी संबंध आहे की नाही हे नंतर ठरतं, कळवायचं मात्र आधी. संशोधकाने २४ तासांत केंद्रीय परवाना अधिकारी, प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि समिती या तिघांना कळवायचं. उशीर झाला तर कारणासह. १४ दिवसांत विश्लेषणासह अहवाल. मृत्यू असेल तर संशोधकाचा अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत समितीने भरपाईबाबतच्या मतासह आपला अहवाल पाठवायचा. परवाना अधिकाऱ्याने ९० दिवसांत निर्णय द्यायचा आणि आदेशानंतर ३० दिवसांत प्रायोजकाने पैसे भरायचे.

ही साखळी तुटते ती पहिल्याच कडीत. रुग्ण गावाकडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखल होतो, तिथल्या डॉक्टरांना चाचणीची कल्पना नसते आणि नाशिकच्या केंद्राला ते पुढच्या भेटीत कळतं. उपाय स्वस्त आहे. प्रत्येक सहभागी व्यक्तीला पाकिटात मावेल असं, पाण्याने न भिजणारं कार्ड द्या. एका बाजूला रुग्णासाठी मोठ्या अक्षरांत चोवीस तास उचलला जाणारा फोन क्रमांक, दुसऱ्या बाजूला डॉक्टरसाठी दोन ओळी: हा रुग्ण अमुक औषधाच्या अभ्यासात आहे, ही औषधं देऊ नयेत, त्वरित कळवा. समितीने मंजुरीनंतर कधीतरी रात्री त्या क्रमांकावर फोन करून पाहावा.

भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे. मूळ रक्कम ८ लाख रुपये. तिला वयाच्या गुणकाने आणि जोखमीच्या गुणकाने गुणायचं आणि ९९.३७ ने भागायचं. जोखमीचा गुणक अत्यवस्थ रुग्णासाठी ०.५ पासून निरोगी स्वयंसेवकासाठी ४ पर्यंत. ४० वर्षांच्या, मध्यम जोखमीच्या रुग्णाचा मृत्यू झाला तर वयाचा गुणक १८४.१७ आणि जोखमीचा २. भरपाई येते सुमारे २९ लाख ६५ हजार. तोच रुग्ण 'जास्त जोखमीचा' ठरवला की गुणक १ होतो आणि रक्कम निम्मी. म्हणून जोखमीचा गट घटना घडल्यावर ठरवायचा नाही. रुग्ण चाचणीत येतो त्या दिवशीच केसपेपरवर कारणासह लिहून घ्यायचा. भरपाई केवळ औषधाच्या दुष्परिणामाचीच असते असंही नाही. उपलब्ध असलेले प्रमाणित उपचार न देता छद्मौषध दिल्यामुळे किंवा चाचणीतल्या एखाद्या प्रक्रियेमुळे इजा झाली, तरी ती लागू होते.

चाचणीबाहेरच्या, बाजारातल्या औषधाचा दुष्परिणाम दिसला तर तो २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे जातो. निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतःही कळवू शकतो, हे बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर मराठीत लावा.

नियामकाची बाजू

नाशिकला अन्न व औषध प्रशासनाचं विभागीय कार्यालय आहे, पण क्लिनिकल ट्रायलची परवानगी त्यांच्या हातात नाही. ती केंद्राकडे. विक्री आणि उत्पादनाचे परवाने मात्र राज्याच्या कक्षेत येतात. तक्रार चुकीच्या दारी गेली की महिने जातात, म्हणून समितीच्या कार्यपद्धतीत कोणती तक्रार कुठे याचा एक पानी तक्ता असावा. समित्यांची नोंदणी आणि भरपाई हे दोन्ही नियम देशात २०१३ मध्ये आले, त्याआधी समितीला नोंदणीच लागत नव्हती. औषध नियामकाची क्षमता जागतिक आरोग्य संघटना चार पातळ्यांवर मोजते. टांझानियाने २०१८ मध्ये आणि घानाने २०२० मध्ये तिसरी पातळी गाठली. भारताच्या लस नियमनाला २०२४ च्या मूल्यांकनात तिसरी पातळी मिळाली. आफ्रिकेतल्या अनुभवातून नाशिकच्या समितीने उचलावी अशी गोष्ट म्हणजे संयुक्त तपासणी. २००६ पासून आफ्रिकेतल्या देशांचे नियामक आणि एथिक्स कमिट्या एकत्र बसून एकच प्रस्ताव वाचतात. शहरातल्या दोन-तीन समित्यांनीही बहुकेंद्री प्रस्तावावर प्रश्नांची देवाणघेवाण केली, तर एकीच्या नजरेतून सुटलेलं दुसरीला दिसतं.

मंजुरीनंतर

वर्षातून एकदा तरी प्रत्येक चालू नियामक चाचणीच्या ठिकाणी दोन सदस्यांनी जावं. पाच संमतीपत्रं यादृच्छिक पद्धतीने काढा आणि तारीख, वेळ, सही कोणाची, प्रत दिल्याची नोंद पाहा. संमतीची वेळ पहिल्या रक्तनमुन्याच्या वेळेनंतरची असेल तर तिथेच थांबून विचारा. मग औषधाची वही पाहा. शेवटी, संशोधक समोर नसताना, दोन सहभागी व्यक्तींशी बोला आणि तेच पाच प्रश्न विचारा.

चाचणी संपल्यावर कागदपत्रं किमान ५ वर्षं जपायची आहेत. नाशिकच्या पावसात तळमजल्यावरच्या लाकडी कपाटाला वाळवी लागते आणि ओल येते. लोखंडी कपाट, वरचा मजला, कुलूप, आणि कोणी कधी फाइल काढली याची वही. त्याच कपाटात एक पातळ फाइल निकालाची ठेवा. अभ्यासात काय आढळलं ते एका पानात, मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहून प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या पत्त्यावर पाठवलं का, आणि कोणत्या तारखेला, याची नोंद तिच्यात असते.